कुलूप शाळेला, तांदळाला नाही

मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या, तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला असलेल्या प्रत्येक मुलाचं सरकारकडे दुपारच्या जेवणाचं काही येणं होतं: शाळेच्या दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ. सहावी ते आठवीच्या मुलाचं 150 ग्रॅम आणि 30 ग्रॅम. खिचडीचं पातेलं थांबलं म्हणून हे येणं बुडत नाही, आणि ही तरतूद महासाथ येण्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली 2015 मध्ये मध्यान्ह भोजनाचे नियम निघाले. त्यांत म्हटलं आहे की धान्य नसलं, इंधन नसलं, स्वयंपाकी आला नाही किंवा अन्य कोणत्याही कारणाने जेवण मिळालं नाही, तर राज्याने मुलाला अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. म्हणजे त्याच्या वाट्याचं धान्य आणि ते शिजवायला लागणारा खर्च, तोही पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. 'अन्य कोणत्याही कारणाने' या तीन शब्दांत अख्खी महासाथ मावली. 2020 मध्येच ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर येऊन भंडारा शहराचा मोठा भाग पाण्यात गेला. शाळा उघड्या असत्या आणि या पुराने चूल विझवली असती, तर तेही याच शब्दांत बसलं असतं.

18 मार्च 2020 या दिवशी एक विलक्षण योग जुळला. सर्वोच्च न्यायालयाने कुणीही अर्ज केलेला नसताना, स्वतःहून सगळ्या राज्यांना विचारलं, शाळा बंद असताना मुलांच्या जेवणाचं काय करणार? तेव्हा सरन्यायाधीश होते शरद बोबडे, भंडाऱ्याच्या शेजारच्या नागपूरचे. त्याच दिवशी तिकडे वॉशिंग्टनमध्ये एका कायद्यावर सही झाली. शाळा सलग किमान 5 दिवस बंद राहिली, तर शाळेत मोफत किंवा सवलतीत जेवणाऱ्या मुलांच्या घरी त्या जेवणाचे पैसे पोचवायची सोय त्यात होती. सुरुवातीचा दर होता मुलामागे दिवसाला 5.70 डॉलर. पैसे एका कार्डावर जमा व्हायचे आणि आईवडील ते कार्ड किराणा दुकानात चालवायचे. दोन देशांनी एकाच दिवशी एकाच भुकेची दखल घेतली.

आपल्याकडे कार्ड नव्हतं, शाळेची खोली होती. मार्चमध्ये तिथे पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळी शिल्लक होत्या. कोणत्या वर्गात किती मुलं, हे हजेरीपट सांगत होता आणि किती माल उरला, हे साठा नोंदवही. राज्याने हा शिल्लक माल पालकांना वाटून द्यायला सांगितलं. गर्दी नको म्हणून पालकांना पाळीपाळीने बोलवायचं, मोजून द्यायचं, सही घ्यायची. पुढे उन्हाळी सुट्टीचंही धान्य मिळालं, हे विशेष, कारण एरवी कायद्यातून सुट्टीचे दिवस वगळलेले आहेत. महिन्याला शाळेचे 25 दिवस धरले, तर लहान मुलाच्या पिशवीत अडीच किलो तांदूळ आणि अर्धा किलो डाळ पडते, सातवीतल्या ताईच्या पिशवीत पावणेचार किलो आणि पाऊण किलो.

हे सगळं भंडाऱ्यात घडत होतं, म्हणजे धानाच्या जिल्ह्यात. इथे जुलैत रोवणी चालते. पणन महासंघ हमीभावाने धान घेतो, ते भरडाईला राइस मिलमध्ये जातं आणि क्विंटलमागे 67 किलो तांदूळ शासनाकडे परत येतो. बांध्यांनी वेढलेल्या गावात तांदळाची पिशवी कशाला, असं कुणाला वाटेल. पण बांधी एकाची असते आणि रोवणीला जाणारे हात दुसऱ्याचे. टाळेबंदीत मजुरी थांबलेल्या घरात अडीच किलो तांदूळ खरोखर मोजून वापरला जातो.

2021 च्या उन्हाळ्यात केंद्राने ठरवलं की शिजवण्याचा खर्च थेट मुलांच्या बँक खात्यात टाकायचा. महाराष्ट्रात लहान मुलामागे ही रक्कम दीडशे रुपयांच्या आसपास होती. तेवढ्यासाठी आधी खातं उघडायचं, त्यासाठी तालुक्याला खेपा घालायच्या आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची. हिशेब सरळ आहे. बँक दूर असते, शाळा गावातच असते. अशा ठिकाणी पिशवी खात्यापेक्षा सरस, असं मला ठामपणे वाटतं.

पिशवीलाही एक मर्यादा आहे, आणि ती देशाने आधीच अनुभवलेली होती. 1995 मध्ये ही योजना देशपातळीवर सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेलं अन्न मिळतच नसे. 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला 3 किलो धान्य मिळायचं. ते घरच्या डब्यात जाऊन सगळ्यांचं व्हायचं. पुढे 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच जेवण द्या, असा आदेश दिला. त्यानंतर शाळाशाळांत चुली पेटल्या, गावच्या बायका खिचडी रांधू लागल्या, आणि पंगतीत बसलेल्या मुलाचं ताट त्याचंच राहिलं. 2020 मध्ये योजना पुन्हा धान्यावर आली, तेव्हा त्या 100 ग्रॅममध्ये आजी, आई आणि धाकटं भावंड असे सगळेच वाटेकरी झाले. अशा वेळी कुठली आई एकाच लेकराचं ताट वेगळं वाढेल?