बारसं व्हायचंय अजून

पहाटे ५.३०. गाव श्रीरामपूर, पण रेल्वे स्टेशनवरची पाटी बेलापूरची. आमच्या तृतीयपंथीयांच्या डेऱ्यातल्या तिघीजणी इथूनच मंगतीला, म्हणजे पैसे मागायला, गाडीत चढतात. त्या निघायच्या आत मी ओळखपत्राच्या अर्जासाठी त्यांची आधार कार्डं आणि प्रतिज्ञापत्रं पिशवीत घेते. साल २०२३, दिवाळी होऊन गेलेली. कारखाने सुरू झालेत, त्यामुळे उसाच्या गाड्यांमागून एस.टी. राहुरीपर्यंत रांगतच जाते.

९.३०. नगर, तारकपूर स्टँड. जिल्हा चौदा तालुक्यांचा. अकोले किंवा जामखेडहून इथं यायचं तर रोजगार बुडतो. २०२० पासून तृतीयपंथी ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, दाखला कलेक्टर देतात, मुदत तीस दिवस. अंग तपासायचं नाही, असं नियमातच लिहिलंय. मी कोण हे मीच सांगायचं, हा हक्क सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या नालसा निकालानं दिला. हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणते आणि दहाही वेळा मला बळ येतं.

११.००. एका बँकेत. सोबतच्या मैत्रिणीचा दाखला आलाय, पासबुकावर मात्र जुनंच नाव. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ऑपरेशन झालंय का?" ती खाली बघत राहिली. मी तृतीयपंथी हक्कांचा कायदा पुढं ठेवला. डॉक्टरांचा कागद लागतो तो कलम ७ ला, स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर. हिला ती नकोय. नाव बदलायला दोन तास वीस मिनिटं लागली. बाहेर येऊन ती रडली, मग आम्ही वडापाव खाल्ला.

२.००. कॉलेजात बोलायचं होतं. एका पोरानं विचारलं, "तुमच्यातलं कुणी पुढं गेलंय का?" मी आमच्या श्रीरामपूरच्या कवयित्री दिशा पिंकी शेख यांचं नाव घेतलं. २०१९ मध्ये त्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. टीव्हीवर त्यांना बोलताना बघून मीही मान वर करून बोलायला शिकले.

४.१५. फोन आला. पाथर्डीकडचं ऊसतोड जोडपं, आठ दिवसांचं बाळ. मुलगा की मुलगी, कळत नाही. एका डॉक्टरनं सांगितलंय, ऑपरेशन करून मुलगी करून टाकू.

६.४०. त्यांच्या झोपडीवर, म्हणजे कोपीवर पोचले. मला बघताच बाप दारात आडवा उभा राहिला. "पोर न्यायला आलात का?" हा प्रश्न मला दरवेळी लागतो. म्हटलं, "दादा, पोर तुमचंच आहे, तुमच्याजवळच राहील." मग त्यानं बसायला पोतं टाकलं. आजीनं विचारलं, "बाई, हे कशात धरायचं?" मी समजावलं, अशी बाळं जन्मतातच, त्यांना इंटरसेक्स म्हणतात. ती तृतीयपंथीच होतात असं नाही. मोठं झाल्यावर त्याचं ते सांगेल. तोवर नुसतं दिसण्यासाठी कात्री लावू नका. मद्रास हायकोर्टानं २०१९ मध्ये हेच सांगितलं आणि तामिळनाडू सरकारनं त्याच वर्षी तसा आदेश काढला. महाराष्ट्रानंही काढावा, ही माझी मागणी आहे.

पण आई हळूच म्हणाली, दुपारपासून दूध उलटतंय. तिथं मी बोलणं थांबवलं. अशा काही बाळांच्या शरीरात मीठ टिकत नाही आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जीव जाऊ शकतो. वेळेवर औषध मिळालं तर बाळ वाचतं. ऑपरेशन थांबू शकतं, रक्ताची तपासणी थांबू शकत नाही. मुकादमाला उठवलं, त्यानं मुकाट्यानं जीप काढली.

रात्री १०.५०. सरकारी दवाखाना. बाळाचं रक्त घेतलं, सलाईन लागलं. सिस्टरनं केसपेपर पुढं ओढला आणि नाव विचारलं.

आजी म्हणाली, "बारसं व्हायचंय अजून."

सिस्टरनं आईचं नाव लिहिलं, आणि त्यापुढं लिहिलं : बाळ.