सेवा व सॉफ्टवेअर व्यवसायांतील प्रकल्प व्यवस्थापन : काल्हेरची गोदामे आणि ई-वे बिल

प्रस्तावना :
इमारतीचे काम किती झाले, हे डोळ्यांना दिसते. सॉफ्टवेअर, लेखापरीक्षण, करसल्ला यांसारख्या सेवांत मात्र काम पूर्ण झाले की नाही, हे उभयपक्षी ठरलेल्या लेखी व्याप्तीवरूनच ठरते. ही व्याप्ती काम चालू असतानाच बदलली तर काय करावे, हा या व्यवसायांतील व्यवस्थापनाचा मूलभूत प्रश्न होय. ठाणे-भिवंडी मार्गावरील काल्हेरच्या संदर्भात त्याचे विवेचन येथे केले आहे.

पार्श्वभूमी :
मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, तरीही शहरालगत असल्याने कशेळी, काल्हेर, पूर्णा या परिसरात गोदामे वाढली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात संपली. त्यानंतर ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी ई-वे बिल आले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभारलेली ही संगणकीय व्यवस्था १ फेब्रुवारी २०१८ रोजी देशभर लागू होताच कोलमडली व सक्ती पुढे ढकलावी लागली.

विवेचन :
दुसऱ्या वेळी टप्पे पाडण्यात आले. आंतरराज्य वाहतुकीस १ एप्रिलपासून, तर राज्यांतर्गत वाहतुकीस राज्यांच्या गटांनुसार हा नियम लागू झाला; महाराष्ट्राची तारीख २५ मे २०१८ ठरली. परिणामी काल्हेरच्या एकाच गोदामातून गुजरातकडे आणि मुंबईकडे निघणाऱ्या मालाला जवळजवळ आठ आठवडे भिन्न नियम होते. पुढे १ जुलै २०१८ पासून महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीची मर्यादा १ लाख रुपये झाली.

अशा वेळी गोदामाचे सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या व्यावसायिकापुढे तीन कर्तव्ये उभी राहतात. पहिले, तारीख, मर्यादा व राज्य हे बदलणारे घटक प्रणालीच्या गाभ्यात न गुंफता स्वतंत्र ठेवणे. दुसरे, प्रत्येक बदलाची मागणी लेखी घेऊन तिचा वेळ व मोबदला काम सुरू करण्यापूर्वीच ठरविणे. अन्यथा तोंडी आश्वासनांचा भार शेवटी कर्मचाऱ्यांच्या रात्रींवर पडतो. तिसरे, नवी व्यवस्था प्रथम मर्यादित मालावर व खऱ्या गर्दीच्या वेळी तपासणे.

विलंब झाल्यावर माणसे वाढविण्याचा उपाय सर्रास योजला जातो. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात मनुष्यबळ वाढविल्यास उशीर अधिकच वाढतो. कारण नवागतांना शिकविण्यात जाणत्यांचाच वेळ खर्ची पडतो.

निष्कर्ष :
बदल टाळणे व्यवस्थापकाच्या हाती नसते. बदलाची नोंद, किंमत व क्रम ठरविणे मात्र असते. बिल तयार न झाल्यास भरलेला ट्रक गोदामाच्या दारातच उभा राहतो आणि चालक व हमालांचा दिवस वाया जातो. म्हणून प्रकल्पाचे यश ठरलेली तारीख गाठण्यापुरते न मोजता, त्या दिवशी माल वेळेवर बाहेर पडला की नाही, यावरून मोजणे उचित ठरते. वाणिज्य व संगणकशास्त्राच्या अध्यापनात हे उदाहरण एकत्रितपणे हाताळता येण्यासारखे आहे.