एका स्वयंपाकघराची आखणी

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड नावाचे गाव आहे. इतिहासाच्या पुस्तकातला प्रतापगड सातारा जिल्ह्यात आहे. हा त्याहून वेगळा. येथे डोंगरावर महादेवाचे ठाणे आहे आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गा आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. कोणी बेल घेऊन येतो, कोणी चादर घेऊन. कित्येक जण दोन्हीकडे माथा टेकून परततात.

यात्रेतल्या माणसांना भूक लागतेच. त्याच भागात अशीही मुले असतात, ज्यांची शाळा नववी-दहावीत सुटली आहे. धानाची कापणी संपली की त्यांना गावात काम उरत नाही. काही जण नागपूर, हैदराबादकडे मजुरीला जातात. काही गावातच बसून राहतात आणि पत्ते, दारू यांच्या नादी लागतात. कोणाला आईवडील नसतात, कोणी निरीक्षणगृहातून नुकताच बाहेर आलेला असतो. अशा तरुणांना स्वयंपाकाचे काम शिकवणारी आणि त्यासाठी समारंभांना जेवण पुरवणारी एक संस्था प्रतापगडला काढायची आहे, असे आपण समजू. तिची आखणी कशी करावी?

हे काम वाटते तितके नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात पूर्वी हजारो कामगार कुटुंब गावी ठेवून एकटे राहत. त्यांचे जेवण आजूबाजूच्या खोल्यांतल्या बायका रांधून देत. कामगार पैसे देत महिन्याच्या शेवटी. पण तांदूळ, तेल, मीठ तर रोज लागे. मग या बायका वाण्याकडे उधारी करत, सावकाराकडून कर्ज काढत आणि व्याजातच बुडून जात. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या खाणावळवाल्यांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. एकमेकींना जामीन राहून त्यांनी बँकेचे कर्ज मिळवले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. जेवणारे कामगार गावी परतले आणि एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबण्यात किती धोका आहे, हे साऱ्यांना कळले. मंडळ पुढे कार्यालयांना व समारंभांना जेवण पुरवू लागले.

या हकिकतीतली एक गोष्ट आपल्याला फार उपयोगी आहे. स्वयंपाकाच्या धंद्यात खर्च आधी होतो आणि पैसे नंतर येतात. म्हणून खेळते भांडवल हवे आणि ऑर्डर घेताना इसार मागण्याचा संकोच करू नये.

संस्था नफ्यासाठी नाही, म्हणजे काय? पुष्कळांना वाटते, की तेथे स्वस्तात किंवा फुकट जेवण मिळते. तसे नाही. खर्च वजा जाता जे उरते ते कोणी वाटून घेत नाही, ते पुन्हा शिक्षणावर खर्च होते, एवढाच त्याचा अर्थ. अशी संस्था धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवता येते. अन्नपदार्थ विकायचे म्हणून २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे वेगळी नोंदणी किंवा परवानाही लागतो. हे कागद आधी करावेत.

आता हिशेब करू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. एका घरी १०० माणसांचे जेवण आहे : वरण, भात, वांग्याची भाजी, तांदळाची भाकर आणि एक गोड पदार्थ. शिधा ४,२०० रुपयांचा. गॅस व वाहतूक ८०० रुपये. आचारी (उर्दूत तुम्ही ज्याला बावर्ची म्हणता तो) आणि भांडी घासणारे यांची मजुरी १,००० रुपये. बेरीज झाली ६,०००. म्हणजे ताटाला ६० रुपये घेतले तर भागेल, असे वाटते. बरोबर?

चूक. पाच शिकाऊ तरुणांना रोजचे २०० रुपये विद्यावेतन द्यायचे आहे, ते १,००० रुपये राहिलेच. शिकणाऱ्याच्या हातून भात करपतो, मीठ जास्त पडते, पेला फुटतो. त्यासाठी ४०० रुपये धरा. खर्च ७,४०० झाला. ६० रुपयांनी ताट दिले असते, तर त्या दिवशी १,४०० रुपयांचा तोटा आला असता आणि तो पोरांच्या विद्यावेतनातून भरून काढायचा मोह झाला असता. ताटाचा दर ८० रुपये ठेवला, तर ६०० रुपये उरतात. करपलेला भात हा शिक्षणाचा खर्च आहे. तो लपवू नये, वहीत लिहावा.

मुले अडचणीतली आहेत हे फलकावर लिहून गिऱ्हाईक मिळवावे, असे काही जण सुचवतील. मला ते पटत नाही. दयेपोटी माणूस एकदा जेवतो. दुसऱ्यांदा तो चवीसाठीच येतो. शिवाय आपल्या दुःखाची पाटी गळ्यात अडकवून वाढायला उभे राहणे कोणाला आवडेल?

ऑर्डरी वर्षभर मिळतील का? येथे प्रतापगडचा स्वभाव कामी येतो. आषाढी एकादशीनंतर हिंदूंची लग्ने जवळजवळ थांबतात, ती तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतात. त्या काळात एखादा उरूस, एखादी ईद, कोणाकडे नियाज असू शकते. पण हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान आणि ईद दरवर्षी मागे सरकतात. यंदा भरलेला महिना काही वर्षांनी रिकामा असेल. म्हणून संस्थेच्या भिंतीवर दोन्ही दिनदर्शिका शेजारी-शेजारी टांगाव्यात आणि रिकामे आठवडे दरवर्षी नव्याने शोधावेत. पावसाळ्यात धानाची रोवणी असते. तेव्हा शिकाऊ तरुण शेतावर जाणार. त्यांना अडवू नये, त्या आठवड्यांत ऑर्डरी कमी घ्याव्यात. दोन्ही समाजांकडे जायचे, तर शाकाहारी व मांसाहारी जेवणाचे गंज वेगळे हवेत. (विदर्भात पातेल्याला गंज म्हणतात.) त्यांवर रंगाची खूण करावी. मांस हलालच असावे. एकदा विश्वास गेला, की कितीही मसाला घातला तरी तो परत येत नाही.

यात्रेच्या दिवशी बहुतेकांचा उपवास असतो. या भागातल्या तलावांत शिंगाडे पिकतात. उकडलेले शिंगाडे, शिंगाड्याच्या पिठाचे पदार्थ, साबुदाण्याची खिचडी आणि दही एवढे ठेवले तरी पुरे. भगरीबाबत मात्र जपावे. जुनाट, ओलसर भगरीला बुरशी लागते आणि उपवासाच्या दिवसांत महाराष्ट्रात तिच्यापासून विषबाधा झाल्याचे प्रकार घडले आहेत. भगरीचे सुटे पीठ घेऊ नये. दाणे आणावेत, निवडावेत, धुवावेत आणि लागेल तेवढेच शिजवावेत. शिजलेला भातही तासन्‌तास कोमट ठेवू नये. त्यात असे जंतू वाढतात, की त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. पहिल्या महिन्यात तरुणांना फोडणी शिकवण्याआधी हेच शिकवावे : हात धुणे, सुरी धरणे, वेळ पाळणे, मोठा गंज दोघांनी मिळून उतरवणे.

कोणाला घ्यावे, हेही आधी ठरले पाहिजे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलांनाही धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. चुलाण्यावरची उकळती कढई हा खेळ नव्हे. म्हणून संस्थेने अठरा पूर्ण झालेल्यांनाच घ्यावे. त्याहून लहान कोणी काम मागत आला, तर त्याला जेवू घालून त्याच्या शाळेची चौकशी करावी.

परदेशातही असे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात १९८९ साली एक मोठे स्वयंपाकघर सुरू झाले. समारंभांत उरलेले अन्न गोळा करून ते गरजूंना पोहोचवते आणि बेकारांना स्वयंपाकाचे शिक्षण देते. लंडनमध्ये प्रसिद्ध आचारी जेमी ऑलिव्हर यांनी २००२ साली अडचणीतल्या तरुणांसाठी ‘फिफ्टीन’ हे उपाहारगृह काढले. नाव मोठे होते, दूरचित्रवाणीवर कार्यक्रमही झाला. परंतु २०१९ मध्ये त्यांचा उपाहारगृहांचा सारा व्यवसायच कर्जात बुडाला आणि त्याबरोबर तेही बंद पडले. म्हणून शिक्षणासाठी राखलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत.

आणि वहीत एक पान आणखी असावे. किती ताटे वाढली, हे त्यावर लिहायचे नाही. शिकून गेलेल्या प्रत्येक तरुणाचे नाव आणि सहा महिन्यांनी तो कोठे आहे, एवढेच लिहायचे : गोंदियाच्या हॉटेलात, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या हातगाडीवर की पुन्हा पत्त्यांच्या अड्ड्यावर. संस्थेच्या वार्षिक सभेत जमाखर्चाच्या आधी हे पान वाचून दाखवावे.