बालसंगोपन म्हणजे केवळ अनुदान नव्हे : लेकरांच्या सुरक्षेचा कायदा समजून घेऊया

दसरा-दिवाळी झाली की युसूफ वडगाव आणि केज तालुक्यातल्या गावांमधून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं. काहींचे आईबाप चार-पाच महिन्यांनी परत येतात. काहींचे मात्र येणारच नसतात, कारण बाप वारलेला असतो, आईने दुसरं घर केलेलं असतं किंवा दोघेही हयात नसतात. असं लेकरू आजीकडे नाहीतर चुलत्याकडे राहतं. गाव म्हणतं, "सोय झाली." पण ही सोय सुरक्षित आहे का, हे कोण पाहतं?

हे पाहण्यासाठीच बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 आहे. बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाच्या अनुच्छेद 15(3) ने महिला व बालकांसाठी विशेष तरतुदी करण्याचा मार्ग मोकळा केला आहे. त्यामुळे अशा मुलांना मिळणारी मदत हा कोणाचा उपकार नसून त्यांचा हक्क आहे.

तीन गोष्टी, तीन अर्थ

बालसंगोपन, प्रतिपालकत्व आणि दत्तक या शब्दांत नेहमी गल्लत होते.

बालसंगोपनात मूल आपल्याच माणसांकडे राहते आणि त्याच्या संगोपनासाठी शासन दरमहा मदत देते. अनाथ, एक पालक असलेली, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली 18 वर्षांखालील मुले यात येतात. 2023 मध्ये या योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि रक्कम 1,100 वरून 2,250 रुपये झाली.

प्रतिपालकत्वात मूल ठरावीक काळासाठी दुसऱ्या, पारखून घेतलेल्या कुटुंबात राहते. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकते. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगी देता येत नाही. मूल दत्तक घेण्यासाठी पूर्वी पाच वर्षे सांभाळ केलेला असावा लागे, आता ती अट दोन वर्षांवर आली आहे.

दत्तक हे कायमचे नाते आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर त्याचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. नोटरीच्या कागदावर मूल 'देणे' म्हणजे कायदेशीर दत्तक नव्हे.

खरे संरक्षण कशात आहे?

2,250 रुपयांत लेकरू सुरक्षित होत नाही. ते सुरक्षित होते नोंदीमुळे. प्रकरण बाल कल्याण समितीसमोर गेले की सामाजिक तपासणी होते, घराची पाहणी होते आणि मुलाचे म्हणणे ऐकले जाते. पुढे ती मुलगी अचानक शाळेतून गायब झाली, तर विचारणारे कोणीतरी असते. ज्या मुलांची कुठेच नोंद नसते, तीच बालविवाहात, वीटभट्टीवर, हॉटेलात किंवा दलालाच्या हाती सहज सापडतात. बालविवाहाच्या उंबरठ्यावर असलेली मुलगीही कायद्याने 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते.

ऊसतोड कामगारांची मुले सरसकट बालसंगोपनात बसत नाहीत. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत. शिवाय संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत 41 तालुक्यांसाठी 82 वसतिगृहे मंजूर आहेत. त्यामुळे अर्ज भरण्याआधी मूल नेमके कोणत्या योजनेत बसते ते पाहा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

- वस्तीतल्या अशा मुलांची यादी करून ग्राम बाल संरक्षण समितीकडे द्या. सरपंच तिचे अध्यक्ष असतात.
- मृत्यू दाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड आणि बँक पासबुक जमवून अर्ज बीडच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात दाखल करा. पोच घ्या. अर्जासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.
- मूल धोक्यात दिसले तर 1098 वर फोन करा. कोणताही नागरिक, अगदी ते मूल स्वतःही, समितीसमोर जाऊ शकते. ताब्यात घेतलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत समितीसमोर हजर करावेच लागते.
- मूल हरवले तर पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. "दोन दिवस वाट पाहा" हे उत्तर मान्य करू नका.
- "पोरगं आमच्या आश्रमात पाठवा" म्हणणाऱ्या संस्थेचे कलम 41 खालील नोंदणी प्रमाणपत्र मागा.

आणि एक गोष्ट आपल्यासाठीच. वह्या-दप्तर वाटताना अनाथ लेकराला पुढे उभे करून फोटो काढायचा आणि नाव-गावासह व्हॉट्सॲपवर टाकायचा, ही सवय सोडा. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणे हा कलम 74 खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय ते लेकरू उद्या वर्गात मान खाली घालून बसते.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास थांबा. वही काढा आणि एवढेच लिहा, आपल्या वस्तीत कोणाचं लेकरू कोणाकडे राहतं. काम तिथूनच सुरू होईल.