प्रवाळांच्या घासातला वाटेकरी

वाशीमच्या शेतकऱ्याला गांडुळाची महती वेगळी सांगावी लागत नाही. जमीन भुसभुशीत करणाऱ्या या जीवाचा एक दूरचा आप्त समुद्राच्या काळोख्या तळाशी, प्रवाळांच्या फांद्यांमध्ये राहतो. 'युनिसे नॉर्वेजिका' हे त्या सागरी कृमीचे शास्त्रीय नाव. गांडुळाप्रमाणे तो माती खात नाही. त्याला बळकट जबडे आहेत.

प्रवाळ म्हटले की उथळ, उबदार पाणी डोळ्यांसमोर येते. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवरील आंग्रिया बँकेचे प्रवाळ त्याच प्रकारचे. त्यांच्या शरीरातील सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. नॉर्वेनजीकच्या थंड समुद्रातील 'लोफेलिया' प्रवाळांना ही सोय नाही. लोफोटेन बेटांजवळ २००२ मध्ये सापडलेली रोस्ट प्रवाळभित्ती ३०० ते ४०० मीटर खोलीवर आहे. लांबी ३५ किलोमीटरहून अधिक. प्रवाहाबरोबर वाहत येणारे सूक्ष्म जीव पकडायचे, हाच तेथील प्रवाळांचा चरितार्थ. त्यातही हा कृमी वाटा घेतो. प्रवाळाने पकडलेला घास तो चक्क हिसकावून नेतो.

मग प्रवाळाला या शेजाऱ्याचा उपयोग तो काय? कृमी फांद्यांमध्ये चर्मपत्रासारखी पातळ नळी तयार करून तीत राहतो. प्रवाळ त्या नळीवर चुन्याचा थर चढवतात. अशा रीतीने नळी सांगाड्याचाच भाग बनते आणि शेजारच्या फांद्या एकमेकींना सांधल्या जातात. मत्स्यालयातील निरीक्षणांत तर कृमी प्रवाळांचे सुटे तुकडे ओढून एकत्र आणताना दिसला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कृमीच्या सहवासात प्रवाळांचा चुना साठवण्याचा वेग चौपटीपर्यंत वाढल्याचे आढळले. कृमीच्या अंगीही एकटे असतानापेक्षा दोन ते चार पट अन्न लागले. चोरी म्हणावी, तर चोर घरभाडे चुकते करतो आहे!

या जोडीचा खरा शत्रू वेगळाच आहे. समुद्रतळ खरवडत जाणारी ट्रॉलरची जाळी प्रवाळांचा चुरा करतात. नॉर्वेतील ३० ते ५० टक्के प्रवाळक्षेत्राची हानी झाली असावी, असा अंदाज तेथील संशोधकांनी २००२ मध्ये मांडला होता. त्यापूर्वीच, १९९९ मध्ये, सूला प्रवाळभित्तीवर अशा मासेमारीस बंदी घालण्यात आली. लोफेलियाची फांदी वर्षाकाठी काही मिलिमीटर, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर वाढते. जाळ्याला ती मोडायला क्षणही लागत नाही.