वारा नसतानाही डोलणारा मनोरा

रॉटवाइल म्हटलं की रॉटवायलर कुत्रा आठवतो, आणि त्याला नाव याच गावावरून मिळालं. रोमनांनी इ. स. ७३ मध्ये वसवलेलं हे नैऋत्य जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातलं सर्वांत जुनं गाव. इथं मध्ययुगीन बुरुजांची कमतरता नाही. पण २०१७ पासून पर्यटकांची पावलं वळतात ती गावाबाहेरच्या २४६ मीटर उंच मनोऱ्याकडे. इथं कुणी राहत नाही, इथं लिफ्टची परीक्षा होते.

वास्तुरचनाकार हेल्मुट यान आणि अभियंते वेर्नर झोबेक यांनी टिसेनक्रुप कंपनीसाठी त्याचा आराखडा केला. जेमतेम २१ मीटर व्यासाच्या काँक्रीटच्या नळीत बारा शाफ्ट बसवले आहेत. सेकंदाला १८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगापर्यंत लिफ्ट इथं पळवून पाहता येते. बाहेरून गुंडाळलेलं पीळदार पांढरं कापड नुसतं शोभेचं नाही. वाऱ्याचा मारा आणि उन्हाचा ताप, दोन्ही ते कमी करतं.

खरी गंमत वरच्या भागात आहे. तिथं २४० टनांचं वजन लंबकासारखं टांगलेलं आहे. उंच इमारतींत असं वजन डोलणं थोपवायला बसवतात. इथं ते यंत्रानं हलवून मनोरा मुद्दाम डोलवताही येतो! कारण वादळात गगनचुंबी इमारत डोलू लागली की लिफ्टचे लांबलचक दोरही हेलकावतात आणि शाफ्टमध्ये आपटू शकतात. तसा प्रसंग आधीच अनुभवायचा, तर वादळाची वाट किती पाहणार?

दोरांची दुसरी अडचण म्हणजे त्यांचं वजन. उंची वाढत गेली की दोर स्वतःच्याच भारानं जड होतात. म्हणून दोराविना, चुंबकीय बळावर चालणारी आणि आडवीही सरकणारी ‘मल्टी’ ही लिफ्ट २०१७ मध्ये याच मनोऱ्यात दाखवली गेली.

पर्यटकांना काचेची लिफ्ट अर्ध्या मिनिटाच्या आसपास २३२ मीटरवरच्या सज्जात पोचवते. खाली ब्लॅक फॉरेस्ट, श्वेबिश आल्बचे डोंगर आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर स्विस आल्प्स. ज्यांना लिफ्टचं कौतुक नाही, त्यांच्यासाठी १,३९० पायऱ्या चढायची शर्यतही इथं भरते.

श्टुटगार्टहून रेल्वेनं रॉटवाइल दीड तासाच्या अंतरावर आहे. सज्जा रोज उघडा नसतो, त्यामुळे दिवस पाहूनच निघावं.