पासाची रेघ

मुंबईहून महामार्गाने खाली येताना सिंधुदुर्ग जिल्हा खारेपाटणला सुरू होतो. शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट याच गावी सापडला. शके 930, म्हणजे इ.स. 1008. त्यावरचं दानाचं अक्षर न् अक्षर हजार वर्षं जिथल्या तिथे आहे. इथली मुलं दहावीचं गुणपत्रक घेऊन घरी येतात, त्यामागचे नियम मात्र थोरल्या भावंडाच्या वेळीसुद्धा निराळे होते!

पासाची रेघ किती हलते, ते आकड्यांत पाहावं. 2018 साली राज्याचा निकाल 89.41 टक्के लागला. 2019 ला भाषा आणि समाजशास्त्रांचे शाळेच्या हातातले 20 गुण काढले, पुस्तकंही नवी आली, निकाल 77.10. दरवर्षी राज्यात पहिलं येणारं आपलं कोकण मंडळही 88.38 वर उतरलं. 2020 ला 20 गुण परत आले, टाळेबंदीत भूगोलाचा पेपर रद्द झाला, निकाल 95.30. मुलं त्याच घरांतली, त्याच शाळांतली. 2021 ला तर लेखी परीक्षाच नाही. निम्मे गुण नववीच्या निकालावर, निम्मे दहावीतल्या कामावर. कोकणाचा निकाल शंभर टक्के!

भाषांच्या त्या 20 गुणांत असतं काय? तोंडी परीक्षा. घरी मालवणी बोलणारं पोर बाईंसमोर उभं राहून उतारा वाचतं, अडखळत का होईना, इंग्रजीत स्वतःबद्दल चार वाक्यं बोलतं. तीन तासांच्या पेपरात हे मोजायची सोयच नाही. शाळा सढळ हाताने गुण देतात, ही तक्रार मी ऐकली आहे. तरी ते गुण परत आले याचा मला मनापासून आनंद आहे.

परीक्षेचे नियम बदलणं काही आजचं नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 ची. न्यायमूर्ती रानडे त्यात उत्तीर्ण झाले. 1862 च्या पहिल्या पदवीधरांत त्यांच्यासोबत मालवणात जन्मलेले रा. गो. भांडारकर होते. मॅट्रिक म्हणजे तेव्हा कॉलेजचं दार. पुढे शालान्त परीक्षा अकरावीला होती, 1975 पासून दहावीला आली. म्हातारी माणसं अजून ‘जुनी अकरावी’ म्हणतात, ती हीच.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मात्र अलीकडचा बदल. गुणपत्रकावरचा ‘नापास’ हा शेरा गेला. एकदोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत बसता येतं, आणि 2015 पासून फेरपरीक्षा निकालापाठोपाठ जुलैत होऊ लागली. पूर्वी ऑक्टोबरची वाट बघण्यात पोराचं आख्खं वर्ष जायचं.